अण्णांचा ओटीपी

ग्वाल्हेरच्या लष्करात, दौलतगंजातल्या एका जुन्या वाड्यात अण्णा खाली आणि वहिनी माडीवर राहत. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, म्हणून या भागाचं नाव लष्कर. फौजेमागून कारकून मंडळी आली, तीही इथलीच झाली. अण्णांच्या आवाजात अजून फौज होती, वहिनींच्या हातात कारकुनी.

गणपतीत गल्लीत मांडव पडला. बांबू रोवताना आड येतात म्हणून कुणीतरी खांबावरच्या दोन बारीक काळ्या वायरी दुमडून सुतळीने करकचून बांधल्या. त्या निघाल्या ब्रॉडबँडच्या. फायबरच्या पोटात काच असते; तिला फार दुमडलं की प्रकाश वाटेतच गळतो. दोन्ही घरांतल्या डब्यांवर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकू लागला आणि इंटरनेट गेलं.

अण्णांनी कस्टमर केअरला फोन लावून आधी हिंदीत, मग मराठीत, मग पुन्हा हिंदीत झाडलं. पलीकडचा मुलगा तक्रारीचा नंबर सांगू लागला, तर अण्णा ओरडले, “नंबर गया भाड़ में, आदमी भेजो!” नंबर मेसेजनेही आला. कर्जाच्या जाहिरातींबरोबर अण्णांनी तोही पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी घामाघूम पोरगा आला. त्याने डबा बंद-चालू केला, वायर हलवून पाहिली आणि म्हणाला, “अंकल, लाइन बाहर से कटी है, शाम तक हो जाएगी. एक ओटीपी आया होगा, बता दीजिए.” अण्णांचा राग एव्हाना ओसरला होता. उन्हातान्हात फिरतंय बिचारं, म्हणून त्यांनी आकडे सांगून टाकले. पोरगा जिना चढेपर्यंत मेसेज आला : आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. दिवा लालच होता.

माडीवर वहिनींनी त्याला पाणी दिलं, पंखा लावला आणि म्हणाल्या, “बेटा, पहले हरी बत्ती, फिर ओटीपी.” किती तक्रारी बंद केल्या त्यावर आमचा दिवस मोजतात, असं तो काकुळतीने सांगत होता. खोटं नसावं. पण वहिनी बधल्या नाहीत.

संध्याकाळी कुणी आलं नाही, त्या आठवड्यातही नाही. अण्णा रोज फोनवर गरजत. वहिनींनी आपल्या तक्रारीवर अपील केलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना अपील ऐकण्याची सोय ठेवावी लागते. ३० दिवसांत अपील करायचं, त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. (घरात नेट नसलेल्याला ३९ दिवस म्हणजे पावसाळाच, पण निदान मुदत तरी आहे.) वहिनींनी तक्रारीचा नंबर, तारीख आणि लाल दिव्याचा फोटो जोडला.

मुदत संपायच्या आधीच शिडी घेऊन माणूस हजर. त्याने दुमडलेला तुकडा कापून जोड दिला. माडीवरचा दिवा हिरवा झाला, तेव्हा वहिनींनी ओटीपी सांगितला. बंद दिवसांचं भाडंही पुढच्या बिलातून वजा झालं.

त्याच सुतळीत अण्णांची वायर अडकलेली होती. अण्णा खालून ओरडले, “अरे, ही पण कर की!”

शिडीवरच्याने मोबाइल चाळला. “नीचे वालों की तो कोई शिकायत ही नहीं है.”

अण्णा तणतणत माडीवर आले. “वहिनी, महिनाभर घसा फोडतोय मी!”

“ओरडलात ते ठीक, अण्णा. पण काम व्हायच्या आधीच ‘झालं’ म्हणून लिहून कोणी दिलं? कामाआधी पावती देऊ नये माणसाने.”

अण्णा गप्प झाले. मग वर्गणीच्या पावतीची कोरी बाजू पुढे ओढून त्यांनी पुन्हा फोन लावला. पलीकडून नंबर येऊ लागला.

“धीरे बोलो भैया, लिख रहा हूँ. सात के बाद क्या?”