पाच वर्षांनंतर कोठे?

सोनाळ्याचा एक विद्यार्थी मुलाखतीस जाण्यापूर्वी मजकडे आला. “पाच वर्षांनी कोठे असाल, असे विचारल्यास काय सांगावे, सर?” ‘येथेच’ म्हणणे लाभाचे; मनात मात्र वकिली.

अकोल्यास शिकलेल्या आगरकरांनी एम. ए.च्या सुमारास आईस लिहिले होते, की मोठ्या पगाराची आशा धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ परहितार्थ वेचणार. ज्या उत्तराने जिची निराशा व्हावयाची, तिलाच ते दिले! आपण मात्र नेमणूक ज्याच्या हाती, त्याला रुचेल तेच ध्येय सांगतो.

टिळकांनी 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, म्हणून त्यांचा आरंभीचा संकल्प खोटा ठरत नाही. संकल्प पुढे बदलणे निराळे. बोलतानाच तो मनात नसणे निराळे.

“वकिलीचे सांगून टाक,” मी म्हणालो.

“आणि नोकरी गेली तर?”

दरमहा पगार घेणाऱ्या मला उत्तर सुचले नाही.