तीस गुणांची कसोटी

आमच्या एका वृद्ध मावशींना अलीकडे विसर पडू लागला, म्हणून घरच्यांनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. "आजी, आज तारीख कोणती?" या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "उद्या राखेचा बुधवार नाही का, बाळा?" तारीख सांगितली नाही, म्हणून गुण मिळाला नाही. पुढे वाक्य वाचावयास दिले; पण मावशी शाळेची पायरी कधी चढल्याच नव्हत्या. गुण कमी भरले आणि आठवडाभरात कपाटाची किल्ली सुनेकडे, बँकेचे पासबुक मुलाकडे गेले.

यात दोष कोणाचा, हे ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कागदावरच्या एका आकड्याने माणसाचा घरातला शब्द काढून घ्यावा काय, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना.

या जातीची सर्वांत प्रसिद्ध कसोटी, 'मिनी मेंटल स्टेट', १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी प्रसिद्ध केली. गुण ३०, वेळ पाचदहा मिनिटे. स्थळकाळाचे भान, तीन शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, वाचणे, एक वाक्य लिहिणे असे तिचे स्वरूप. गुण २४ हून कमी पडले तर अधिक तपासणी करावी, असा संकेत रूढ झाला. अधिक तपासणी करावी, एवढाच! निकाल लागला, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

कसोटी खरी की खोटी हे कळण्यासाठी कसोटीचीही कसोटी घ्यावी लागते. तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे, सावकाश तपासलेल्या माणसांचे निदान आणि कसोटीचे उत्तर किती जुळते, हे पाहावे लागते, आणि तेही ज्या समाजात ती वापरावयाची त्याच समाजात. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत हे काम मेरी गांगुली व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केले. त्यांची हिंदी कसोटी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील बहुतेक वृद्ध निरक्षर. म्हणून वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे. लिहिलेली आज्ञा वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरचा करील तसे करावयाचे. आम्हांस या बदलात निव्वळ शास्त्र नव्हे, न्यायबुद्धी दिसते. माणसाला त्याच्याच जगातले विचारले गेले.

तरीही चूक उरतेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. समजा, हजार वृद्धांची चाचणी घेतली आणि ती शंभरांतले ऐंशी रुग्ण ओळखते, शंभरांतल्या नव्वद निरोग्यांना निरोगी म्हणते. तर सत्तर रुग्णांपैकी छप्पन्न सापडतील, चौदा निसटतील. आणि नऊशे तीस निरोग्यांपैकी त्र्याण्णव जणांवर उगाच संशय येईल. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले, त्यांतले बहुसंख्य निर्दोष! चाचणी वाईट नसतानाही हे घडते. संशयितांमध्ये कमी ऐकू येणारे, खिन्नतेने ग्रासलेले, थायरॉइडचे वा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे रुग्णही असतात, आणि त्यांना उपचाराने बरे वाटू शकते.

मग चाचण्या टाकूनच द्याव्यात काय? तसे आम्ही म्हणणार नाही. "म्हातारपणी विसरायचेच" म्हणून आपण किती जणांना वाऱ्यावर सोडले आहे! निसटलेल्या चौदांत एखादे निवृत्त गुरुजी असतील, आयुष्यभराच्या शिक्षणाच्या बळावर जवळजवळ पूर्ण गुण मिळविणारे. रोग वेळेवर कळला तर मृत्युपत्र, शेतीवाडीची व्यवस्था, आपली शुश्रूषा कोणी करावी, हे सारे माणूस शुद्धीवर असताना स्वतः सांगू शकतो. उशीर झाला की ते दुसरे ठरवितात.

बेन सिराच्या ग्रंथात, वृद्ध पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला धीराने वागवावे, असे मुलांना सांगितले आहे. किती मंदावली हे मोजून मग धीर धरावा, अशी अट तेथे नाही. मावशींच्या घरी मात्र गुणांचा कागद सर्वांनी वाचला. त्यांना तो कोणी वाचून दाखविला नाही. पुढे कळले की त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि लक्षात ठेवावयाचे ते तीन शब्द त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलेच नव्हते. आता दुसरी तपासणी व्हावयाची आहे. तोवर किल्ली त्यांच्या हाती परत द्यावी, असे आम्ही सुचविले. घरात अद्याप एकमत झालेले नाही.