नियमात बसलेला रनआउट

दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसात एक तिकीट बंद केलं. क्लायंटकडच्या एका मुलीची तक्रार होती, की महिनाअखेरीच्या रिपोर्टात परत आलेल्या मालाची रक्कम वजा होत नाही. मी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट उघडलं. त्यात परत आलेल्या मालाचा उल्लेखच नव्हता. ही रक्कम वजा व्हायला हवी हे मला कोड लिहितानाच कळलं होतं. तरी 'ठरल्याप्रमाणे काम करतंय' असं लिहून मोकळा झालो. ती मुलगी पुढे दर महिन्याला हिशोब हाताने जुळवत होती, हे नंतर समजलं.

ॲशेसची सुरुवात वाचताना मला हे तिकीट आठवलं.

२९ ऑगस्ट १८८२, लंडनचं ओव्हल मैदान. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात २१ वर्षांचा सॅमी जोन्स एक धाव पूर्ण करून क्रीजबाहेर आला, खेळपट्टी थोपटायला. चेंडू डब्ल्यू. जी. ग्रेसच्या हातात होता. त्याने बेल्स उडवल्या, अपील केलं, आणि अंपायर बॉब थॉम्सने जोन्सला बाद दिलं. हे बघून स्पोफर्थ पेटला. इंग्लंडला फक्त ८५ धावा हव्या होत्या. त्याने ४४ धावांत ७ बळी घेतले, इंग्लंड ७७ वर संपलं. ग्रेसच्या ३२ धावा सर्वाधिक होत्या, पण सामना ७ धावांनी गेला. काही दिवसांनी 'स्पोर्टिंग टाइम्स'ने इंग्लिश क्रिकेटचा मृत्युलेख छापला: दहन होईल, राख ऑस्ट्रेलियाला जाईल. नाव तिथून आलं. वैराची ठिणगी मात्र मला त्या रनआउटमध्ये दिसते.

ग्रेसचं चुकलं काय? चेंडू 'डेड' झालेला नाही, असं अंपायरचं मत पडलं. जोन्स गाफील राहिला, हेही खरं. खेळाडूंच्या मनात काय होतं ते तपासत बसलो तर खेळच होणार नाही. नियम हवेतच.

पण रनआउटचा नियम आहे कशासाठी? फलंदाजाने न पळता धाव चोरू नये म्हणून. जोन्स काही चोरत नव्हता. ही धाव संपली, एवढंच त्याने गृहीत धरलं होतं. ग्रेसने त्याची चोरी पकडली नाही; त्याच्या विश्वासाचा फायदा घेतला. नियम तोच, पण ज्या कामासाठी केला त्याच्या उलट वापरला. आमचं डॉक्युमेंटही कुणी कुणाला फसवू नये म्हणूनच असतं.

२०२३ मध्ये लॉर्ड्सवर बाजू बदलल्या. षटक संपलं असं समजून बेअरस्टो क्रीजबाहेर गेला, आणि कॅरीने चेंडू स्टंपवर मारला. आता 'नियमात आहे' म्हणणारे ऑस्ट्रेलियन होते आणि खिलाडूवृत्तीची आठवण करून देणारे इंग्लिश. आपण कुठल्या टोकाला उभे आहोत त्यावर आपली नीती ठरत असेल, तर तिला नीती म्हणायचं का?

मला वाटतं, नियम फक्त निकाल देतो. त्या निकालाने हिशोब मिटतोच असं नाही; इथे तर तो १४० वर्षं चालू आहे.

मी ते तिकीट पुन्हा उघडलं. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. त्या मुलीला मेल टाकला, तो परत आला. तिने ती नोकरी सोडली होती.