मलकोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात प्लेगची लस टोचण्याचे काम चालू होते. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांचे जबडे आखडले, अंगाला झटके येऊ लागले. धनुर्वात होता तो. एकोणीसच्या एकोणीस जण दगावले. लस एकूण पाच बाटल्यांमधून दिली होती आणि या सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती.

बाटली मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून आलेली. तिचे प्रमुख होते वाल्देमार हाफकिन. खापर कुणाच्या माथी फोडायचे, हा प्रश्न फार काळ शिल्लक राहिला नाही.

हाफकिन मूळचे ओडेसाचे, ज्यू, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ. ते डॉक्टर नव्हते, इंग्रजही नव्हते, आणि या दोन्ही गोष्टी वैद्यकीय सेवेतल्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांना खुपत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी १८९२ साली कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग शिरला, तेव्हा सरकारने त्यांना इकडे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जेमतेम एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घन सेंटीमीटर लस स्वतःच्या अंगात घेतली. ताप भरला, अंग ठणकले, पण ते उठून कामाला लागले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. कैदी स्वखुशीने पुढे आले, असे सांगितले जाते. गजाआड असलेल्या माणसाच्या होकाराला कितपत होकार म्हणायचे, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नसला तरी आज आपण तो सोडून देऊ नये. पण जे दुसऱ्याच्या अंगात घालायचे ते आधी आपल्या अंगात, हा नेम या माणसाने कॉलऱ्यापासून पाळला होता, याचीही नोंद त्याच पानावर व्हायला हवी.

याच प्लेगात त्या वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. तो काळच तसा होता. लस टोचून घ्यायला लोक भीत होते आणि न टोचलेले मरत होते.

आता पुन्हा मलकोवालकडे वळू. पंजाब सरकारला लाखो लोकांना घाईने लस टोचायची होती. मागणी पुरी करायची म्हणून परळला लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल झाला. कार्बॉलिक आम्ल वगळून नुसत्या उष्णतेवर भर देण्यात आला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत आधीपासून चालत होती. तरी चौकशी आयोगाने नेमके या बदलावरच बोट ठेवले. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

पण त्याच चौकशीच्या कागदांत एक साधी हकीकत होती. त्या बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून तापवायला हवा होता. त्याऐवजी तो कार्बॉलिकच्या द्रावणात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे त्या काळी वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. शिवाय मुंबईत बाटली बंद होताना ते आत शिरले असते, तर इतक्या दिवसांत वाढून त्यांची दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडताना तसा वास कुणाला आला नव्हता. हे सारे लिहिलेले होते, पण ती कागदपत्रे कित्येक वर्षे लोकांसमोर आलीच नाहीत.

हाफकिन लंडनला गेले आणि दारोदार आपली बाजू मांडत राहिले. सत्य कळू शकणारी माणसे तेव्हाही कमी नव्हती; बहुतेक जण मूग गिळून बसले. अखेर १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी तोंड उघडले. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळालेला हा माणूस त्याच भारतीय वैद्यकीय सेवेत मुरलेला होता. त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून पुरावे मांडले, इतर शास्त्रज्ञांनीही पत्रावर सह्या केल्या, आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

इथे एक मोह होतो. हाफकिन यांच्या डोक्यावरचे खापर उचलावे आणि त्या मदतनिसाच्या डोक्यावर फोडावे. तसे केले तर आपण आयोगाहून वेगळे ते काय केले? धुळीच्या गावात, एका दिवसात शंभरावर माणसांना टोचण्याच्या धांदलीत त्याच्या हातून चिमटा पडला. त्याला कामाला जुंपणाऱ्यांनी घाईचा हिशेब केला होता, पण हात चुकेल याचा केला नव्हता. आयोगाने ‘काय घडले’ याआधी ‘कोण सापडतो’ हे शोधले, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि सापडला तो माणूस, ज्याच्या मागे ना जात उभी होती, ना खाते, ना देश.

हाफकिन निर्दोष ठरले, कलकत्त्याला कामावर परतले. पण माणसांवर लशीच्या चाचण्या करण्याची मुभा त्यांना पुन्हा मिळाली नाही. ज्या हातांनी दोन लशी दिल्या, त्यांना निवृत्तीपर्यंत प्रयोगशाळेतल्या अभ्यासापुरते ठेवले गेले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून त्यांच्या प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये लोझान येथे ते वारले.

शाळा असो, रुग्णालय असो वा कारखाना, चौकशी समित्या आजही बसतात. तुमच्यापैकी कुणाला अशा समितीत बसायची वेळ आली, तर अहवालावर सही करण्याआधी जोडलेली सगळी कागदपत्रे स्वतः वाचा. आणि समितीत नसाल, पण खरे काय ते ठाऊक असेल, तर पाच वर्षे थांबू नका.