वाटेवर अडलेला

मार्गशीर्षातील रात्र होती, साल २०१९. सासवडकडे एका गावी सप्ताहातील कीर्तनसेवा आटोपून आम्ही पुण्यास परतत होतो. गाडीत आम्ही, आमचे मृदंगवादक, दोन टाळकरी आणि गाडी चालविणारा आमचा एक शिष्य. पायाशी एका थैलीत धर्मशाळेच्या वर्गणीची रक्कम होती. दिवेघाट उतरताना एका वळणावर एक मोटार कडेला उभी दिसली. टप वर केलेला, आणि पुढे एक माणूस हात हलवीत उभा. शिष्याने वेग थोडा कमी केला आणि विचारले, "महाराज, थांबू का?" मागून मृदंगवादक म्हणाले, "अहो, नको. हल्ली असंच उभं राहून लुटतात." आम्ही काहीच बोललो नाही. आणि अशा वेळी न बोलणे म्हणजे "चल" म्हणणेच की! गाडी पुढे गेली.

आता लाज वाटण्याजोगी गोष्ट सांगतो. त्या रात्री आमच्या कीर्तनात आख्यान होते नाथमहाराजांच्या कावडीचे. रामेश्वरास नेण्याचे गंगोदक त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा सांगताना आमचा स्वतःचा कंठ दाटून आला होता. श्रोते डोळे पुसत होते. आणि पुरते दोन तासही झाले नव्हते.

वाचकहो, यावर आम्ही पुष्कळ दिवस मनाशी वाद घातला. मन हे फार हुशार वकील आहे. ते म्हणाले, "गाढव सोंग घेत नाही. नाथांना तिथे फसवणुकीचे भय नव्हते. शिवाय गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश, काळ आणि पात्र पाहावे असेच सांगितले आहे. मध्यरात्र हा काळ नव्हे, घाट हा देश नव्हे, आणि अनोळखी मनुष्य पात्र आहे की नाही हे कळणार कसे? त्यातून थैलीतले पैसे लोकांचे." युक्तिवाद बिनतोड वाटला. पण त्याच श्लोकात आणखी एक शब्द आहे, तो आम्ही सोयीने गिळला होता. दान अनुपकाऱ्याला, म्हणजे जो आपल्याला परतफेड करू शकणार नाही अशाला द्यावे. वाटेवर अडलेल्या परक्या माणसाइतका अनुपकारी दुसरा कोण? शेजाऱ्याला मदत केली तर तो उद्या उपयोगी पडतो. नातलगाला केली तर चार लोकांत नाव होते. वाटेवरचा मनुष्य पुन्हा भेटतच नाही.

आणि देश, काळ यांचा अर्थ तरी आम्ही केला तोच का? तहान लागलेली असते तोच पाण्याचा काळ. घाटात गाडी बंद पडते तेव्हा घाट हाच देश. राहिले पात्र. अडलेला असणे हीच त्याची पात्रता, असे आमचे नम्र मत आहे. शास्त्री मंडळींना हे पटेलच असे नाही.

सोंगाचे म्हणाल, तर भागवताच्या नवव्या स्कंधातला रंतिदेव आठवावा. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर हाती आलेले अन्न त्याने एकामागून एक आलेल्या अतिथींना दिले, आणि उरलेले पाणीही शेवटी आलेल्या तहानेल्याला देऊन टाकले. पुढे कळले की ते सारे देव होते. कीर्तनात टाळ्या पडतात त्या या ठिकाणी. पण विचार केला तर मर्म तिथे नाही. देव आहेत हे रंतिदेवाला ठाऊक नव्हते. पुराणात सोंगामागे देव निघतो आणि रस्त्यावर चोर निघेल असे आपल्याला भय वाटते. देणाऱ्याला मात्र दोन्हीकडे सोंगापलीकडचे काहीच दिसत नाही.

गंमत पाहा, हाच दिवेघाट आषाढीच्या वारीत माउलींचा रथ चढतो. त्या वेळी रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, आसपासचे शेतकरी आपल्या जोड्या घेऊन येतात. माउलींच्या रथालाही घाटात कोणी तरी हात लावावा लागतो! वारीत कोण कुठला हे न विचारता आपण त्याला "माउली" म्हणतो, पाणी देतो, पाय चेपतो. रस्ता तोच, माणसेही तीच. पण पालखी पुढे गेली की तोच माउली पुन्हा परका होतो.

असो. २०२२ च्या फाल्गुनात पंढरपूरहून फलटणकडे येताना धर्मपुरीच्या पुढे आमचीच गाडी पंक्चर झाली. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. रात्रीचे साडेदहा. आता हात हलवीत आम्ही उभे, डोक्यास फेटा, गळ्यात तुळशीची माळ. पाऊण तासात कितीतरी गाड्या गेल्या. एकीच्या मागच्या काचेवर "राम कृष्ण हरि" लिहिलेले होते. आम्हांस राग आला, आणि लगेच आठवले की आमच्याही काचेवर तेच आहे.

शेवटी थांबला तो डाळिंबाचा टेम्पोवाला. त्याने चाक आणि एक टाळकरी टेम्पोत घातला, बरडला झोपलेल्या पंक्चरवाल्याला उठवले, आणि चाक घेऊन पुन्हा मागे आला. आम्ही पैसे पुढे केले. "ठेवा, महाराज. आडतीवर उशीर होईल, तेवढंच," म्हणाला. नाव विचारले तर हसला आणि निघून गेला.

पुढे एका वकील स्नेह्याने सांगितले की कायदाही या बाबतीत पुष्कळ सरळ झाला आहे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ या कलमाने, अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला खटल्याच्या भयापासून संरक्षण दिले. नावगाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. न कळत कायदा अनुपकारी या शब्दाच्या जवळ आला, असे आम्हांस वाटले. नुसत्या बंद पडलेल्या गाडीसाठी मात्र थांबा असे कोणताही कायदा म्हणत नाही. ते ज्याच्या त्याच्यावर आहे.

भय खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. गाडीत लेकीबाळी असतील, लोकांचे धन असेल, तर जपलेच पाहिजे. पण थांबणे आणि निघून जाणे यांच्या मधेही पुष्कळ काही करता येते, ते भय आम्हांला पाहू देत नाही. पन्नास पावले पुढे, उजेडात गाडी उभी करता येते. काच चार बोटे खाली करून विचारता येते. तेही नको तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हा क्रमांक फिरवता येतो. त्या रात्री दूरध्वनी आमच्या खिशात होता.

आता शिष्याला आम्ही सांगून ठेवले आहे की उभी गाडी दिसली की पुढे जाऊन थांबायचे. गाडीत बॅटरी, दोर आणि हवा भरलेली स्टेपनी असते. मृदंगवादक अजून कुरकुरतात. गेल्या महिन्यात लोणंदजवळ असेच थांबलो, काच खाली केली आणि विचारले, "काय झालं, माउली?" तो गृहस्थ कानाचा फोन बाजूला करून म्हणाला, "काही नाही, महाराज. घरी बोलतोय जरा."