अश्वत्थाम्याचा मणी

श्रावणात आमच्या ओसरीवर ‘पांडवप्रताप’ लागतो. बाया सुपारी कातरत ऐकतात. अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरला की अडकित्ते थांबतात. झोपलेली पोरं मारायची? आमच्या पिंपळगाव राजा गावाला वैर काही नवं नाही, धुऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या बोलणं टाकलेली घरं इथंही सापडतील. तरी त्या प्रसंगाला कुणी तोंडातून ब्र काढत नाही.

मला छळतो तो पुढचा मणी. व्यासांच्या सौप्तिकपर्वात पाच मुलं गमावलेली द्रौपदी अन्नपाणी सोडून बसते, अश्वत्थाम्याचा जीव मागते आणि शेवटी त्याच्या मस्तकावरच्या मण्यावर भागवते. गुरुपुत्र गुरूसारखाच, असं कारण ती देते. मला ते पुरेसं वाटत नाही. 13 वर्षं सूड जागता ठेवणारी बाई इथं थांबते. आणखी एका मुडद्यानं कूस भरत नाही हे तिला कळलं असावं. तो मणी ती युधिष्ठिराच्या डोक्यावर चढवायला लावते. ज्याच्या अर्धसत्यानं द्रोणांनी शस्त्र ठेवलं, त्याच्याच!

सातपुड्यात, अशीरगडाकडे, अश्वत्थामा अजून मण्याच्या जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. आमची आजी तेल मागणाऱ्याला रित्या हातानं पाठवत नसे.

शोकानं वैर निवतं, असं कीर्तनकार सांगतात. मग स्त्रीपर्वातल्या गांधारीचं काय? ती शत्रूच्या अभिमन्यूसाठीही रडते आणि त्याच रणांगणावर कृष्णाला शाप देते, की 36 वर्षांनी तुझंही कुळ आपसांत लढून मरेल. कृष्ण तो हसून स्वीकारतो. हे हसू मला अजून उलगडलेलं नाही.