रात्रीचे आकाश कोणाचे?

निघोजे-चाकण परिसरात रात्री मान वर केली, तर चंद्र दिसतो, एखादा ग्रह आणि मोजकेच तारे दिसतात. बाकीचे आकाश कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या उजेडात बुडालेले असते. याच उजेडावर आपली चूल पेटते, म्हणून तक्रार करताना जीभ अडखळते.

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थांतील माणसे नोकरीधंदा सांभाळून, पदरमोड करून दुर्बिणी लावतात आणि अनोळखी लोकांना पाहायला बोलावतात. दुर्बीण लावून देणारा स्वतः क्वचितच पाहतो; रांगेतल्या पोरासोरांना शनीची कडी दिसली की त्याला भरून पावते. मोबदल्याविना दिलेले हे दान मला फार मोठे वाटते.

परंतु उजळलेल्या आकाशापुढे हे दानही अपुरे पडते. चंद्रावरची विवरे, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र शहरातूनही दिसतात. आकाशगंगेचा पट्टा मात्र दिसत नाही. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून येतो आणि आपल्या अंगणात पोहोचता पोहोचता फ्लडलाइटमध्ये हरवतो. रोमच्या दिव्यांमुळे व्हॅटिकनची वेधशाळासुद्धा १९३० च्या दशकात कॅस्टेल गँडोल्फोला हलवावी लागली. पुढे तिथेही उजेड पोहोचला, तेव्हा येशूसंघीय खगोलशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात संशोधन केंद्र उघडले.

ज्यांच्याकडे गाडी आहे, सुट्टी आहे, ते अंधार शोधत दूर जाऊ शकतात. पाळीत काम करणाऱ्याने काय करावे? एके काळी दारात फुकट मिळणारे आकाश आता त्याच्या मुलांना पुस्तकातल्या चित्रात पाहावे लागते.

म्हणून दिवे घालवावेत काय? दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी चालत येणाऱ्या भगिनीला, अंधार जपा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही आकाशप्रेमीला नाही. तिला दिवा हवाच. पण वर आकाशात फेकलेला उजेड तिच्या पायांखाली पडतच नाही. दिव्याला वरून झाकण असले आणि तो खाली वळवला, तर रस्ताही उजळतो आणि विजेचे बिलही वाया जात नाही. सणाची रोषणाई चार दिवसांची, तिचे सोडा. वर्षभर रात्रभर भिंतींवर आणि ढगांवर पडणारे फोकस कोणासाठी जळतात, हे आपल्या सोसायटीच्या, कंपनीच्या आणि चर्चच्या आवारातही एकदा विचारून पाहण्यासारखे आहे.